कातडीतलं हाड

नमस्कार.

गालावर एक बारीक, टणक दाणा आहे. मुरूम समजून त्यात सुई घातली तर पू येत नाही, मेणासारखं काही येत नाही. सुईचं टोक आत कशावर तरी खर्रकन घासतं. हा दाणा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर थरावर थर रचलेलं, जिवंत पेशी असलेलं, कधीकधी मज्जेसकट असं खरंखुरं हाड दिसतं. याला ऑस्टिओमा क्युटिस म्हणतात. नावातल्या ‘ओमा’मुळे लोक घाबरतात, पण हा कर्करोग नाही. विल्केन्स यांनी १८५८ साली त्याची पहिली नोंद केली आणि चेहऱ्यावरच्या असंख्य बारीक दाण्यांचं वर्णन १८६४ मध्ये फिर्शो यांनी केलं. म्हणजे ओळख जुनी आहे, तरी हा दाणा आजही वर्षानुवर्षं मुरूम म्हणून दाबला जातो.

समोर त्वचारोगतज्ज्ञ आहेत, कुटुंबवैद्य आहेत, दंतवैद्य आणि लॅबमधले तंत्रज्ञ आहेत, काही पालकही आहेत. या सगळ्यांनी दोन प्रश्न सतत जवळ ठेवावेत. पहिला: हे हाड आहे, की नुसता कॅल्शियमचा साका? दुसरा: हे मोठ्या माणसाच्या कातडीत आहे, की लहान मुलाच्या? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सूक्ष्मदर्शक देतो. दुसऱ्याला कुठलंही यंत्र लागत नाही आणि तरी तोच जास्त वेळा विसरला जातो.

आधी साक्याचं बोलू. कातडीत कॅल्शियमचे क्षार नुसते जमून बसतात तेव्हा तो कॅल्सिनोसिस. त्याला आकार नसतो, रचना नसते, त्यात पेशी नसतात. पांढरा, खडूच्या भुग्यासारखा ऐवज कधीकधी आपोआप बाहेर येतो. डर्मॅटोमायोसायटिस, स्क्लेरोडर्मा अशा आजारांत इजा झालेल्या ऊतीत तो साचतो. मूत्रपिंडं निकामी झाली की रक्तातलं फॉस्फेट चढून साचतो. शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट देताना ते शिरेबाहेर सांडलं तर तिथेही साचतो. हाडाचं तसं नाही. हाड साचत नाही, ते बांधलं जातं. त्यासाठी ऑस्टिओब्लास्ट नावाच्या गवंडी पेशी लागतात. त्या आधी कोलॅजेनचा सांगाडा विणतात, मग त्यात खनिज भरतात, आणि बांधता बांधता त्यातल्या काही आतच चिणल्या जाऊन ऑस्टिओसाइट होतात. म्हणून साका दिसला तर ‘इथे क्षार का जमले?’ असं विचारायचं आणि हाड दिसलं तर ‘इथे गवंडी कुठून आले?’ असं.

गवंडी कुठून आले, याचं उत्तर शरीराच्या जुन्या सवयीत आहे. हातापायांची लांब हाडं आधी कूर्चेचा साचा तयार करून मग घडतात. कवटीचं छत मात्र तसं घडत नाही. गर्भात कातडीखालच्या मऊ ऊतीच्या पडद्यातूनच, कूर्चेला वळसा घालून, थेट हाड तयार होतं. मगरीच्या पाठीत, आर्माडिलोच्या कवचात कातडीतच हाडाच्या चकत्या असतात, आणि आफ्रिकेतल्या काटेरी उंदराच्या शेपटीतही त्या असल्याचं २०२३ मध्ये समोर आलं. कातडीखाली हाड घडवण्याची कला प्राणिजगतात नवीन नाही. माणसाच्या कातडीत ती दाबून ठेवलेली असते. ऑस्टिओमा क्युटिसमध्ये हा दाब सुटतो, आणि तो का सुटला यावरून आजाराचे दोन गट पडतात.

मोठा गट दुय्यम प्रकारांचा. कातडीत आधीच काहीतरी घडलेलं असतं आणि त्याच्या कडेला हाड धरतं. जुन्या मुरमांचे व्रण, शस्त्रक्रियेचे व्रण, पायावरची जुनाट शिरांची सूज, पायलोमॅट्रिकोमा नावाची केसाच्या मुळाची गाठ, एखादा जुना तीळ. तिळातल्या हाडाचं वर्णन १९११ मध्ये नँटा यांनी केलं, म्हणून त्याला नँटाचा ऑस्टिओनीव्हस म्हणतात. बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या बाजूलाही हाड घडू शकतं. त्यामुळे अहवालात ‘हाड’ लिहून थांबणं हा मोठा धोका आहे. हाड दिसलं की त्याच्या भोवती काय आहे ते पाहायलाच हवं: तिळाच्या पेशी, केसांच्या गाठीतल्या बिनकेंद्रकाच्या ‘भूत’ पेशी, किंवा कडेला गडद पेशींची बेटं. हाड हा नुसता साक्षीदार असेल आणि आरोपी शेजारीच बसला असेल.

आता चेहऱ्यावरचे दाणे. बहुतेक रुग्ण मध्यमवयीन स्त्रिया, पूर्वी बरीच वर्षं मुरूम झालेल्या. गाल, कपाळ, हनुवटी इथे एक ते काही मिलिमीटरचे अनेक दाणे. रंग कातडीसारखा, पांढुरका किंवा निळसर. हा निळसरपणा लक्षात ठेवा. मुरमांसाठी टेट्रासायक्लिन गटातली औषधं, विशेषतः मिनोसायक्लिन, दीर्घकाळ घेतली असतील तर ती कॅल्शियमला चिकटून ताज्या हाडात अडकतात आणि दाणा शाईच्या ठिपक्यासारखा निळा दिसतो. म्हणून मुरमांसाठी पूर्वी कुठल्या गोळ्या घेतल्या हे विचारावं. बोटाने तपासताना नुसतं वरून दाबू नका. दोन बोटांनी कातडी ताणून धरा आणि तिसऱ्या बोटाच्या नखाची कड दाण्यावरून हलकेच फिरवा. तेलाची गाठ किंवा मिलिया, म्हणजे कातडीतली बारीक पांढरी पुटकुळी, किंचित दबते. हाड अजिबात दबत नाही, पण कातडीबरोबर सरकतं. कातडीबरोबर सरकत नसेल तर ते खोल आहे, आणि मग तपासाची दिशा बदलते.

हे दाणे कधीकधी आधी दंतवैद्याच्याच नजरेस येतात. ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, काढला की दाढांच्या मुळांवर बारीक पांढरे ठिपके दिसतात, काहींच्या मध्ये काळं छिद्र असल्यामुळे ते कड्यासारखे भासतात. मग मुळाचा आजार, लाळग्रंथीतला खडा, जबड्याच्या हाडातला डाग अशी नावं पुढे येतात आणि दातावर विनाकारण उपचार सुरू होण्याची वेळ येते. उलगडा सोपा आहे. रुग्णाला गाल फुगवायला सांगून समोरून एक्स-रे काढा. ठिपका गालाबरोबर बाहेर सरकला तर तो कातडीत आहे, दाताला हात लावायचं कारण नाही. किंवा छोटी फिल्म गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरून, किरण कमी ठेवून काढा. त्यात दात येतच नाहीत, फक्त गाल येतो. हे काही मिनिटांचं काम आहे आणि त्याने एक दाढ वाचू शकते.

सोनोग्राफीचाही उपयोग होतो, पण पोटासाठीचा प्रोब इथे चालत नाही. १५ मेगाहर्ट्झच्या वरचा प्रोब हवा. चकचकीत पांढरी रेघ आणि तिच्यामागे काळी सावली दिसते. पण तसाच देखावा कॅल्शियमच्या साक्याचाही असतो. सोनोग्राफी खोली सांगते, पसारा सांगते. हाड की साका हे सांगत नाही.

आता लहान मुलांकडे, म्हणजे दुसऱ्या, प्राथमिक गटाकडे येऊ. यात आधी काही घडलेलं नसताना हाड धरतं. इथे थोडं थांबायचं आहे.

बाळाच्या पोटावर, पाठीवर, मांडीवर किंवा टाळूवर कातडीत कडक कण्या हाताला लागतात. आई सांगते की अंघोळ घालताना काहीतरी खरखरीत लागतं. कधी तांदळाच्या दाण्यांचा पुंजका, कधी नाण्याएवढी चकती, कधी तळहाताएवढी ताटली. जखम झालेली नाही, इंजेक्शन दिलेलं नाही, जंतुसंसर्ग नाही. मोठ्या माणसात असा दाणा बहुधा कातडीपुरता असतो. बाळात मात्र तो पूर्ण शरीराबद्दलची पहिली बातमी असू शकतो.

या बातमीचा उगम बहुतेकदा २० व्या गुणसूत्रावरच्या जीएनएएस या जनुकात असतो. हे जनुक जीएस-अल्फा नावाचं प्रथिन बनवतं. पेशीच्या दारावर संप्रेरक आलं की त्याचा निरोप आत पोचवणारा हा दुवा. त्याच्यामुळे पेशीत सायक्लिक एएमपी हा आतला निरोप्या रेणू वाढतो आणि काम सुरू होतं. कातडीखालच्या मूळ पेशींपुढे दोन वाटा असतात, चरबी व्हायचं की हाड. दुवा शाबूत असेल तर त्या हाडाच्या वाटेला जात नाहीत. दुवा निम्मा झाला की काही पेशी तिकडे वळतात.

याच दुव्यातून, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथींचा निरोपही जातो, थायरॉइडला चालना देणाऱ्या टीएसएचचाही जातो. मूत्रपिंडातल्या काही नलिका, थायरॉइड, पियूषिका (पिट्यूटरी) आणि जननग्रंथी यांमध्ये मात्र प्रामुख्याने आईकडून आलेली प्रत चालते. वडिलांकडची तिथे बरीचशी मुकी असते. म्हणजे जनुकावर आईचा शिक्का आहे की वडिलांचा, यावर आजार ठरतो. बिघडलेली प्रत आईकडून आली तर हाडांच्या खुणा आणि संप्रेरकांना दाद न देणं, दोन्ही दिसतं: हा स्यूडोहायपोपॅराथायरॉइडिझम १ए. फुलर ऑलब्राइट आणि सहकाऱ्यांनी स्यूडोहायपोपॅराथायरॉइडिझमचं वर्णन १९४२ मध्ये केलं. तीच प्रत वडिलांकडून आली तर बाह्य खुणा तशाच, पण रक्ताचे आकडे सरळ. १९५२ मध्ये याला स्यूडोस्यूडोहायपोपॅराथायरॉइडिझम असं लांबलचक नाव मिळालं. आणि वडिलांकडूनच आलेल्या बिघाडातून तिसरा, सर्वांत कठोर आजारही होऊ शकतो: प्रोग्रेसिव्ह ऑसियस हेटेरोप्लेझिया. १९९४ मध्ये तो स्वतंत्र आजार म्हणून ओळखला गेला आणि २००२ मध्ये त्याचं जीएनएएसशी नातं सिद्ध झालं. यात हाड कातडीत सुरू होतं, पण कातडीत राहत नाही. चरबीतून खाली उतरतं, स्नायूंवरचं आवरण ओलांडतं, स्नायूत शिरतं, सांधा जखडतं, आणि त्या हाताची किंवा पायाची वाढ खुंटते.

म्हणून अशा बाळाची तपासणी कपडे काढून, डोक्यापासून पायापर्यंत. चेहरा गोल आहे का, वजन पहिल्या वर्षापासूनच झपाट्याने वाढतंय का, हाताची हाडं कशी आहेत. मुठीसाठी एक जुनी खूण आहे. मूठ वळल्यावर चौथ्या आणि पाचव्या बोटाच्या मुळाशी उंचवट्याऐवजी खळगा पडला तर तिथली तळहाताची हाडं आखूड आहेत. हाताच्या एक्स-रेवर चौथ्या आणि पाचव्या हाडाच्या डोक्यांना स्पर्श करणारी रेघ ओढा. ती तिसऱ्याच्या डोक्याला छेदून गेली तर चौथं आखूड आहे. पण ही हाडं आखूड दिसायला साधारण चार वर्षांचं वय यावं लागतं. सहा महिन्यांच्या बाळाचा हात नीट दिसला म्हणून निश्चिंत होणं ही या आजारातली नेहमीची फसगत आहे. कातडीतलं हाड हातापेक्षा आधी बोलतं.

आणखी एक गोष्ट, जिच्यासाठी पायमोजा काढायला अर्धा मिनिट लागतो. मुलाच्या पाठीवर किंवा मानेवर दुखरी, झपाट्याने वाढणारी, खोल सूज असेल तर सुई किंवा सुरी हातात घेण्याआधी पायांचे अंगठे पाहा. दोन्ही अंगठे जन्मतः आखूड आणि आत वळलेले असतील तर हा फायब्रोडिस्प्लेझिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा असू शकतो. त्याचं जनुक वेगळं, एसीव्हीआर१. ते २००६ मध्ये सापडलं. त्यात हाड स्नायूंत आणि स्नायुबंधांत, कूर्चेच्या वाटेने घडतं, आणि कातडी सहसा सुटते. पण भेद जाणण्याचं खरं कारण असं की या आजारात प्रत्येक इजा नवं हाड ओढवून आणते. बायॉप्सी, स्नायूत दिलेलं इंजेक्शन, दाताच्या उपचारात जबडा जास्त ताणणं, साधं पडणंही. गाठ कर्करोगाची समजून कापली गेली तर हरवलेली हालचाल परत येत नाही. अंगठे पाहिले असते तर सुरी उचललीच गेली नसती. कृपा करून हे विसरू नका.

अंगठे नीट आहेत, हाड कातडीतच आहे आणि नमुना घ्यायचा ठरलं, तर तो कसा घ्यायचा? वरवर खरवडून काही मिळत नाही. नमुना काढायचा गोल, नळीसारखा पंच हाडावर अडकतो, त्याची धार बोथट होते आणि तुकडा वरच्या वर तुटून येतो. आत काय आहे ते आतच राहतं. लहान लंबगोल छेद घेऊन चरबीपर्यंत उतरावं. हाड कुठल्या थरात आहे, खाली किती उतरलंय, यावर निदान अवलंबून आहे. आणि लॅबच्या फॉर्मवर ‘त्वचेचा तुकडा’ एवढंच न लिहिता ‘हाड किंवा कॅल्शियम असण्याची शक्यता’ असं स्पष्ट लिहावं. या एका ओळीअभावी लॅबमध्ये काय होतं ते पाहू.

तुकडा नेहमीच्या वाटेने मेणात बसवला जातो. पातळ काप घेणाऱ्या मायक्रोटोम यंत्रावर पातं फिरतं आणि करकर आवाज येतो. पात्याला खाच पडते, कापावर समांतर चिरा उमटतात, हाडाचा खडा उडून जातो आणि काचेवर उरते मधोमध भोक असलेली कातडी. तसं झालंच तर ब्लॉक फेकू नका. त्याचं कापलेलं तोंड आम्लात बुडवून पंधरा मिनिटं ते तासभर ठेवा, पाण्याने धुवा, गार करा आणि पहिलेच काप उचला. आम्ल अगदी वरच्या थरापुरतंच शिरलेलं असतं. ब्लॉक पुन्हा तासत बसलात तर मऊ झालेला भाग वाया जातो आणि पातं पुन्हा खड्यावर येतं.

आधीपासून माहीत असेल तर काम सरळ होतं. तुकडा १० टक्के बफर केलेल्या फॉर्मेलिनमध्ये, तुकड्याच्या दहा ते वीस पट द्रवात, निदान २४ तास. पूर्ण पक्का होण्याआधी आम्लात टाकला तर ऊती फुगतात आणि पेशी विरघळल्यासारख्या होतात. त्यानंतर कॅल्शियम काढायचं. ५ ते १० टक्के फॉर्मिक आम्ल मवाळ आहे. एवढासा खडा काही तासांत ते दिवसभरात मऊ होतो. ५ टक्के नायट्रिक आम्ल झटपट काम करतं, पण विसरून रात्रभर राहिलं तर केंद्रकं हिमॅटॉक्सिलिनचा निळा रंग घेतच नाहीत. सगळा काप गुलाबी होतो आणि ऑस्टिओसाइट आहेत की नाहीत हेच सांगता येत नाही. तिसरा मार्ग ईडीटीए. १० टक्क्यांच्या आसपास, पीएच ७.२ ते ७.४. तो आम्ल नाही, कॅल्शियमला हळूहळू पकडून घेतो, काही दिवस घेतो, पण पेशी आणि डीएनए दोन्ही शाबूत ठेवतो.

कॅल्शियम पूर्ण निघालं का हे पाहायला खड्यात सुई टोचण्याची सवय वाईट. सुईची वाट कापावर कायमची राहते आणि नंतर ती नैसर्गिक पोकळी वाटते. आम्लाचा द्रव वापरला असेल तर त्यातला ५ मिली बाहेर काढा, लिटमस पाहत अमोनियाने तो उदासीन करा, त्यात ५ मिली संपृक्त अमोनियम ऑक्झलेट घाला आणि अर्धा तास ठेवा. गढूळ झालं तर कॅल्शियम अजून सुटतंय, द्रव बदला. निवळ राहिलं तर झालं. ही चाचणी ईडीटीएला जशीच्या तशी लागू पडत नाही. तिथे तुकड्याचा एक्स-रे उत्तम.

काचेवर साका जांभळट-निळा, बिनआकाराचा चुरा दिसतो. हाड गुलाबी, थरांचं, आत पोकळ्यांमध्ये एकेक पेशी बसलेली. ध्रुवित प्रकाशाखाली धरलं की थर एकाआड एक उजळ-गडद पट्ट्यांसारखे उमलतात. कडेला ऑस्टिओब्लास्टची ओळ आणि मध्ये मज्जेतली चरबी दिसली की शंका राहत नाही.

रक्ताचं काय? चेहऱ्यावरचे दाणे असलेल्या प्रौढात आकडे सहसा सरळ असतात. कॅल्शियम, फॉस्फेट, पीटीएच (पॅराथायरॉइडचं संप्रेरक) एकदा पाहून घ्यावं. मुलात मात्र पूर्ण संच हवा: कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फेट, पीटीएच, ड जीवनसत्त्व, टीएसएच, मुक्त टी४, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन, अल्कलाइन फॉस्फटेज. अल्ब्युमिन दर डेसिलिटरला ४ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर दर ग्रॅमच्या तुटीमागे कॅल्शियमच्या आकड्यात ०.८ मिलिग्रॅम मिळवा. फॉस्फेटची तुलना मुलाच्या वयाच्या तक्त्याशीच करा, बाळात ते प्रौढांपेक्षा जास्तच असतं. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला तर कॅल्शियम खोटं चढतं. आणि जांभळ्या झाकणाच्या नळीत आधी रक्त घेऊन त्यातले थेंब दुसऱ्या नळीत गेले तर कॅल्शियम भलतंच खाली आणि पोटॅशियम वर दिसतं. त्या नळीत तोच ईडीटीए असतो, जो लॅबमध्ये हाडातून कॅल्शियम ओढून काढतो.

आकडे एकत्र वाचायचे. कॅल्शियम कमी, फॉस्फेट जास्त, पीटीएच जास्त आणि मूत्रपिंडं नीट, म्हणजे निरोप येतोय पण ऐकला जात नाहीये: स्यूडोहायपोपॅराथायरॉइडिझम. कॅल्शियम कमी, पीटीएच जास्त, पण फॉस्फेटही कमी किंवा सामान्य असेल तर आधी ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा विचार करा. पीटीएचला दाद न देणं बाळपणी दिसेलच असं नाही, ते काही वर्षांनी उघड होतं. बहुधा टीएसएच आधी चढतं. म्हणून पहिला संच सरळ आला तरी मुलांमध्ये साधारण दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासावं, प्रौढपणी वर्षातून एकदा.

इथे पालकांशी थेट बोलतो. कातडीत हाड होतंय म्हणून मुलाचं दूध बंद करू नका, कॅल्शियमची गोळी स्वतःहून थांबवू नका. हे हाड जास्त कॅल्शियममुळे होत नाही, गवंडी पेशी चुकीच्या जागी उभ्या राहिल्यामुळे होतं. ज्या मुलाचं कॅल्शियम मुळातच घसरतंय त्याचा आहार तोडला तर हातापायांना मुंग्या, पेटके आणि शेवटी झटके येऊ शकतात. या मुलांना उलट कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप, कॅल्सिट्रिऑल किंवा अल्फाकॅल्सिडॉल, मोजून द्यावं लागतं. थायरॉइड कमी पडत असेल तर लेव्होथायरॉक्सिन. मात्रा रक्त आणि लघवीतलं कॅल्शियम पाहून ठरते, अंदाजाने नाही. चोळणं, रगडणं, मलमांनी खडा ‘विरघळवणं’ यातलं काहीही उपयोगाचं नाही.

मग हाडाचं करायचं काय? चेहऱ्यावरच्या अगदी बारीक आणि उथळ दाण्यांसाठी ०.०५ टक्के ट्रेटिनॉइन क्रीम. पहिले दोन आठवडे एक रात्र सोडून एक, पूर्ण चेहऱ्याला मटाराच्या दाण्याएवढंच. काही महिने लावल्यावर काही दाणे वरच्या थरातून हळूहळू बाहेर पडतात. गरोदरपणात नको. खोल दाण्यावर त्याचा परिणाम नाही, तशी आशा दाखवू नये. मोजके दाणे असतील तर ॲड्रेनलिनयुक्त लिग्नोकेनने भूल देऊन १८ नंबरच्या सुईने किंवा ११ नंबरच्या पात्याच्या टोकाने एक-दोन मिलिमीटरची वाट करायची आणि क्युरेट नावाच्या बारीक चमच्यासारख्या अवजाराने दाणा उचलायचा. भूल देण्यापूर्वी प्रत्येक दाण्यावर पेनाने ठिपका द्या. औषधाने कातडी फुगली की दाणे सापडत नाहीत. वाट फार लहान ठेवली तर खडा आत फुटतो आणि कपच्या राहतात, तिथेच गाठ पुन्हा हाताला लागते. टाका लागत नाही. सावळ्या कातडीवर काळे डाग काही महिने राहू शकतात, हे आधीच सांगावं. आणि म्हणूनच पहिल्या दिवशी जबड्याखालच्या, सहज नजरेत न येणाऱ्या एक-दोन दाण्यांवर काम करून थांबावं. अर्बियम याग लेसरने वरची कातडी नेमकी उतरवून दाणे उघडे करता येतात. कार्बन डायऑक्साइड लेसरनेही येतात, पण जळलेल्या थरामुळे भरून यायला वेळ लागतो.

मुलांमधल्या चकत्यांना घाईने हात लावू नये. दुखतंय, कातडी फाटून हाड बाहेर येतंय, वारंवार जंतुसंसर्ग होतोय किंवा हालचाल अडतेय, तर सुटी, स्पष्ट कडांची चकती काढावी. पसरलेल्या हाडात कापलेल्या जागी ते पुन्हा धरतं, कधी पहिल्यापेक्षा जास्त. प्रोग्रेसिव्ह ऑसियस हेटेरोप्लेझियाचं खोल उतरणारं हाड थांबवणारं खात्रीचं औषध आज हातात नाही. तिथे सांधा रोज हळुवार, जोर न लावता हलता ठेवणं, कातडीची काळजी घेणं आणि दर भेटीला हालचालीचा कोन अंशात मोजून लिहून ठेवणं, हाच उपचाराचा कणा. ‘थोडं कमी हलतंय’ या नोंदीवरून पुढच्या वेळी काहीच कळत नाही. ‘गुडघा ११० अंशांऐवजी ९५’ यावरून कळतं.

शेवटी जनुकचाचणी. बिघडलेली प्रत असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यात ती जाण्याची शक्यता ५० टक्के. आणि ती आईकडून जाते की वडिलांकडून यावर अपत्याचा आजार ठरतो. रक्ताच्या आकड्यांत काहीच नसलेल्या मुलीला पुढे स्वतःचं मूल झालं तर त्याला संप्रेरकांचा पूर्ण आजार होऊ शकतो, हे कुटुंबाला वेळेवर समजावून सांगायला हवं. चाचणी सहसा रक्तावर होते. पण जनुकातला बदल गर्भधारणेनंतर एखाद्याच पेशीत झाला असेल, तर तो त्या पेशीच्या वंशातच राहतो आणि रक्तात सापडत नाही. अशा वेळी शोधायची जागा एकच, ती चकती स्वतः. म्हणून नमुना घेतानाच त्याचे दोन भाग करा. एक निदानासाठी फॉर्मेलिनमध्ये. दुसरा फॉर्मेलिन न लावता ताजा, गोठवून ठेवायचा. आणि गोठवायची सोय नसेल, तर निदान संपूर्ण तुकडा ईडीटीएमध्येच मऊ करा. एकदा तो आम्लात गेला की हाड मऊ होतं आणि त्याबरोबर डीएनएचेही तुकडे होतात. मग उत्तरासाठी त्या मुलाला पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं.